गुरुवारचा वर्ग

एकतीस वर्षं मी काळे मोजे घालून
ज्युदोच्या चटईवर उभा राहिलो.
उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी रफू. मक्वालाने केलेलं,
ती माझी बायको होती तेव्हा.

काम सोपं.
हाजिमे म्हटलं की पोरं भिडायची,
मात्ते म्हटलं की सुटायची.
आत्ता गळ्यापाशी सात जन्मांचं वैर,
आणि माझ्या एका शब्दासरशी
नाक पुसत, पट्टा आवळत, गरीब गाय.
अख्ख्या कुताइसीत माझं ऐकणारं
दुसरं कोणी नव्हतं.

आजोबा जत्रेत कुस्ती खेळायचे, ढोलाच्या तालावर.
ढोलवाला दमला की मल्लही थांबायचे,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, घाम निथळत,
कोणी त्याला घोटभर वाइन देईपर्यंत.
मी त्या ढोलाचा नातू.

मक्वालाचा फोन आला. बायकांचा वर्ग, गुरुवारी साडेसात.
"मार खायला माणूस हवाय. धिप्पाड.
आणि रिकामटेकडा."
तिने मला फोम गुंडाळला, वर चिकटपट्टी,
डोक्यावर कुणाच्या तरी पोराचं हॉकीचं हेल्मेट.
"नियम काय?" मी विचारलं.
ती हसली. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना
हसली होती तशी.

पहिली त्सिउरी. औषधांच्या दुकानात रात्रपाळी करते,
राहते चौथ्या मजल्यावर,
जिन्यातला दिवा तीन वर्षं गेलेला.
मी मागून तिचा दंड धरला, सांगितलं होतं तसा.
कोपर आलं. मग टाच.
मग तळहात, हेल्मेटच्या खालून, हनुवटीवर.
जीभ चावली गेली, तोंडात रक्ताची चव,
आणि माझ्या तोंडाने आपणहून म्हटलं,
मात्ते!

ती थांबली.
हात खाली. वर "माफ करा" म्हणाली.

मक्वाला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं.
"ऑतार, आत्ता तू हिला मारलंस."
मग बायकांकडे वळून,
"जिन्यातला माणूसही हेच म्हणेल. थांब. ऐकून तरी घे.
शब्द वेगळा असेल.
आवाज असाच, सवयीने हुकूम सोडणारा."

मी भिंतीला टेकून बसलो.
गेलाची आठवला. माझ्याच चटईवर वाढलेला,
तीन कांस्यपदकं.
गेल्या हिवाळ्यात पुलावर त्याने एकाला फेकलं.
फेक सुंदर होती, बघणारे सांगतात,
पाठ सपाट टेकली, पूर्ण गुण.
मग तो मागे वळला, पंचाकडे वळतात तसा.
पुलावर पंच नव्हता.
बाटली हातात घेतलेला दुसरा माणूस होता.
आता गेलाची एका डोळ्यावर
दोन्हींचं भागवतो.

तरी शनिवारी मी जाणार आहे.
दहा-दहा वर्षांची पोरं असतात.
एक शब्द ऐकून मूठ उघडते
अशी दुसरी जागा मला माहीत नाही.
कुणाला माहीत असेल तर सांगा.

"पुन्हा," मक्वाला म्हणाली,
आणि माझ्या दातांखाली रबर कोंबलं.

या वेळी कोपर बरगडीत शिरलं, फोम असून.
मी आतल्या आत मात्ते म्हणालो, दोनदा, तीनदा.
त्सिउरीपर्यंत काही पोचलं नाही.
मी गुडघ्यावर आलो तशी ती पळाली,
शिकवलं होतं तशी, दाराबाहेर,
अनवाणी, चिखलबर्फातून.

दहा मिनिटं झाली. ती परतली नाही.
मी तिचे बूट उचलून बाहेर गेलो,
तसाच, फोममध्ये, हेल्मेटसकट.
वळणापाशी ती दिसली, पाठमोरी, धापा टाकत.
हाक ओठांवर आली होती.

मी रस्ता ओलांडला. पलीकडे बेकरीचा दिवा होता,
त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो,
हेल्मेट काढलं,
बूट दोन्ही हातांत धरले, नीट दिसतील असे,
आणि ती आपणहून वळेपर्यंत
गप्प राहिलो.